बाद केलेल्या आया

१२ जानेवारी

प्रिय ताई,

नोकरी लागली. कुणाला सांगत सुटू नकोस, कारण "काय काम करते ती?" असं विचारलं तर तुझीच पंचाईत होईल. मी जंत पाळते.

पोटात होतात ते नव्हेत. मातीत राहणारे, गोल अंगाचे, जेमतेम मिलिमीटरभर लांब, आरपार दिसणारे. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या बशीत जेलीसारखा थर असतो, त्यावर जिवाणूंची साय, आणि त्या सायीत ही मंडळी लोळत असतात. खातात, अंडी घालतात, त्याच अंड्यांवरून सरपटत जाऊन पुन्हा खातात. नवराही लागत नाही त्यांना, नर-मादी सगळं एकाच अंगात. खोलीला ओल्या मोज्यांचा वास येतो आणि तो केसांत बसतो. परवा बसमध्ये शेजारची बाई माझ्याकडे एकदा बघून उठली आणि दुसरीकडे जाऊन बसली. आमचे सर मात्र या बशा बघून झाल्या की हात पुसल्यासारखे करतात आणि पलीकडच्या खोलीत डबा उघडून चवीने जेवतात. त्यांच्या मिशीला लागलेलं मी पाहिलंय. जाऊ दे.

काम असं: पिल्लं जन्माला घालण्याचा आणि आयुष्याचा, रोगाशी लढण्याच्या ताकदीचा संबंध काय, ते शोधायचं. जिच्यातली बीजंच लहानपणी काढून टाकली ती जंतीण जास्त जगते, आणि रोगाचे जिवाणू खायला घातले तरी तग धरते, हे आधीपासून माहीत आहे. आई झालेली लवकर खंगते. अंड्यातला बलक तयार करायला ती स्वतःचं आतडं विरघळवते, ताई. मी हे वाचलं त्या दिवशी जेवले नाही.

आणि काल ते पाहिलं. कधीकधी आईला अंडी बाहेर टाकताच येत नाहीत. ती आतच फुटतात. पिल्लं आतच वळवळायला लागतात आणि आईला आतून खातात. शेवटी आईची नुसती कातडी उरते आणि आत ही झुंबड. आमच्याकडे त्याला "पिशवी झाली" म्हणतात. सर हसत म्हणाले, "ही पिशवी झाली, बाद करा." मी बेसिनकडे धावले.

लहानपणी तू मला नकटी म्हणायचीस, सारखी नाक मुरडते म्हणून. बघ, देवाने नाकासाठी कुठली नोकरी शोधून काढली.

फोनवर तू नुसतं "सगळं ठीक" म्हणालीस आणि मागे कुणीतरी खाकरलं. तुझा फोन चारचौघांत होतो, म्हणून हे पत्र तू कामाला जातेस त्या लाँड्रीच्या पत्त्यावर. दुसऱ्या बाळंतपणात तुझ्या रक्तात विष भिनलं होतं, मूत्रपिंडं कशीबशी वाचली. तपासणीला जातेस ना? खरं लिही.

नाक धरून बसलेली,
नकटी

---

२५ जानेवारी

नकटे,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं ही माझी चूक. डबा तसाच झाकून ठेवला. मालकीणबाई विचारत होत्या, "पुन्हा काही आहे का?" मी म्हटलं, नाही हो, बहिणीने जंतांचं वर्णन पाठवलंय.

किळस काय तुझ्याच नशिबी आहे का? इथे दिवसभर लोकांची घाण माझ्या हातात असते. शर्टाच्या कॉलरची आतली बाजू बघितली की माणूस कळतो. काल एका मोठ्या घरातल्या उशांचे अभ्रे आले, लाळेने पिवळे, कडक. वर चिठ्ठी: "सुगंध जरा जास्त घाला." रक्ताचा डाग असेल तर गार पाणी, गरम पाण्यात घातला की तो कायमचा बसतो. हे मला मालकीणबाईंनी नाही, सासूबाईंनी शिकवलं, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. बाकी काही येवो न येवो, हे त्यांना पक्कं ठाऊक.

खरं लिही म्हणालीस, तर खरं: घरात तिसऱ्याचं चाललंय. दोन्ही मुली, म्हणून. मी नाही म्हटलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या तेही सांगितलं. सासूबाई म्हणतात, "डॉक्टरला पोटं भरायची असतात. आमच्या घरात सगळ्या बायकांनी पाच-पाच सहा-सहा जन्माला घातली आणि सगळ्या नव्वदी गाठून गेल्या." आजेसासू, चुलतसासू, सगळ्यांची उजळणी होते. रोज. जेवताना. हे नखं कुरतडतात आणि ताटाच्या कडेला ठेवतात. मला ती नखं गोळा करताना आता उलटी येते, आणि घरात आशेने माझ्याकडे बघितलं जातं.

सासूबाई म्हणतात, बाळंतपणाने अंगातली सगळी घाण निघून जाते, बाई नव्याने घडते. तू त्यातच काम करतेस म्हणून विचारते. खरं आहे का गं?

त्या हल्ली तुझी फार चौकशी करतात. लग्न ठरलं का, पोरींवर जीव आहे ना, वगैरे. मी म्हटलं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

हात धुऊन लिहिलेलं,
ताई

---

२० मार्च

प्रिय ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. दोन महिने मान वर केली नाही. पण बातमी चांगली आहे.

आम्ही पिल्लंवाल्या आयांना रोगाचे जिवाणू खायला घातले. वाटलं होतं पटापट मरतील. तर नाही! वांझ जंतिणींइतक्या नाही, पण निरोगी आयांच्या जवळपास त्या जगल्या. म्हणजे आईपणाने रोगाशी लढायची ताकद जाते हे जे सगळे म्हणत आले, ते तितकंसं खरं नाही. सर आनंदाने गुणगुणत असतात. परिषदेत मांडायचं ठरलंय, माझं नावही आहे.

मोजणी म्हणजे प्लॅटिनमच्या तारेने एकेकीला डिवचायचं. हलली तर जिवंत, नाही हलली तर मेली. ज्या पिशवी होतात त्या मोजणीतून बाद करायच्या. त्या काही वयाने किंवा रोगाने मेल्या नाहीत, तो अपघात, असा नियम आहे. चला, निदान त्या ओंगळ पिशव्यांचा हिशोब तरी ठेवावा लागत नाही.

तुझ्या सासूबाईंना हे कळलं तर हत्तीवरून साखर वाटतील. पण ताई, नीट ऐक. हा जंत आहे. तो माणसाला लावायचा नसतो. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी तुझं अंग पाहिलंय, मी बशी पाहिलीय. त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही. विषय संपला.

गुणगुणणाऱ्या सरांच्या शेजारून,
नकटी

---

२ एप्रिल

नकटे,

तुझं पत्र पर्समध्ये राहिलं आणि ह्यांच्या हाती लागलं. ह्यांनी जेवणं झाल्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हत्तीचं वाक्य गाळलं. "जंत माणसाला लावायचा नसतो" इथपासून पुढचं सगळंही गाळलं. मी समोरच बसले होते. पुढचंही वाचा, असं मी म्हणाले नाही. का, ते विचारू नकोस. रोज उठून तेच ऐकायचं, रोज तेच नाही म्हणायचं, दगडालाही भोक पडतं.

सासूबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, तुझी बहीण हुशार आहे, घर सांभाळील.

मी हो म्हटलं. तांबी काढायची तारीख मिळाली आहे, या महिन्याच्या अठ्ठावीसला. आता सगळे गोड बोलतात. सासरे मला बसायला खुर्ची देतात. ह्यांनी काल माझ्या पोटावरून हात फिरवला, अजून तिथे काहीही नसताना, दुकानात कापड चाचपावं तसा. आंघोळ केली तरी तो हात जाईना.

तू चिडशील. चीड. पण तूच लिहिलंस ना, जवळपास तितक्याच जगतात म्हणून.

ताई

---

१० एप्रिल

ताई,

तांबी काढू नकोस. आधी हे सगळं वाच आणि मग काय करायचं ते कर.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी टाकाऊ बशा शिजवायची पाळी माझी होती. जंतबिंत सगळं मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात घालून मारून टाकतात. तो वास सांगत नाही. बशा भरताना मी झाकणांवरच्या खुणा बघत होते. लाल खूण म्हणजे रोग दिलेल्या आया. आणि ताई, लाल बशीमागून लाल बशी, पिशव्याच पिशव्या. सुकलेल्या कातड्या, आत पिल्लं. रोग न दिलेल्यांच्या बशीत एखाददुसरी.

मग पुन्हा नव्याने बशा लावल्या आणि नजर हलवली नाही. अपघात कसला! आई आजारी पडते, अंडी बाहेर टाकायची ताकद तिच्यात राहत नाही. ती आत फुटतात आणि तिला खातात. रोगानेच मारलं तिला, पोटच्यांच्या हातून. आणि आम्ही काय केलं? तशी मेलेली प्रत्येक आई "ही धरायची नाही" म्हणून बाजूला काढली. उरल्या त्या फक्त धडधाकट. मग म्हणालो, बघा, आया किती छान जगतात! आमचा सुंदर निकाल हा असा आहे. हे मी माझ्या हाताने केलं, त्याच तारेने उचलून उचलून. आता स्वतःच्या बोटांचीसुद्धा शिसारी येते.

सरांना सांगितलं. ते दात कोरत होते. म्हणाले, "नियम सगळ्या जगाचा आहे, तुम्ही आम्ही बदलणारे कोण? पिशवी बाद म्हणजे बाद." शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

जवळपास तितक्याच जगतात, हे मी लिहिलेलं वाक्य खोटं होतं. माणसाला लावायचं नव्हतंच, पण जंताच्या बाबतीतही खोटं. भाऊजींना हेही पत्र मोठ्याने वाचू दे, एक ओळ न गाळता. अठ्ठावीसला जाऊ नकोस, ताई. मला तू हवी आहेस.

नकटी

---

२९ एप्रिल

नकटे,

पत्र इस्त्रीच्या टेबलाशी उभ्याउभ्या वाचलं. एका गिऱ्हाइकाची बाही जळली. मालकीणबाईंनी माझं तोंड बघून इस्त्रीच बंद केली.

तुझ्या पत्रातले ते तीन शब्द डोक्यातून जाईनात. "ही धरायची नाही." संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी नव्वदीची माळ ओढायला घेतली. आजेसासू, चुलतसासू, सासऱ्यांची आत्या. मी विचारलं, "आणि ह्यांची आई?"

तुला माहीत आहे, सासूबाई ह्यांच्या सावत्र आई. सख्खी आई हे लहान असताना तापाने गेली, एवढंच मला लग्नात सांगितलेलं. घरात तिचं नाव निघत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "ती धरायची नाही."

"का?"

"ती बाळंतपणात गेली. म्हातारी होऊन थोडीच गेली? ते वेगळं."

हे म्हणाले, "मला तर ताप सांगितला होतात." सासरे म्हणाले, "तापच आला होता शेवटी." मी एकेक विचारत गेले. सासऱ्यांची बहीण? तीही धरायची नाही. आजेसासऱ्यांची पहिली बायको? तीही नाही. नकटे, ज्या मेल्या त्या सगळ्या बाद. मग राहिलेल्या नव्वदी गाठतील नाही तर काय करतील?

मी तुझ्या बाद केलेल्या आयांचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मग मी मेले तर मलाही धरणार नाही."

सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "अभद्र बोलू नये. आणि घर कुणावाचून अडतं का? ह्याची आई गेली, तर तिची धाकटी बहीण म्हणून मला आणलंच ना या घरात? पोराला आई मिळाली. तुझ्याही पोरींचं अडणार नाही. बहीण आहे की तुझी, अजून बिनलग्नाची. हुशार आहे."

म्हणून ती चौकशी. म्हणून "घर सांभाळील". माझ्या जागी त्यांनी तुला केव्हाच बसवून ठेवलं होतं, मी अजून जिवंत असताना, त्यांच्याच ताटात वाढत असताना. मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी ताट फेकतील. ह्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.

मी वाढला. हात आपोआप वाढतो गं. आणि मग मोरीत जाऊन पोट रिकामं होईपर्यंत ओकले. बाहेरून सासऱ्यांचा आनंदी आवाज आला, "तारखेच्या आधीच गोड बातमी की काय?"

काल तारीख होती. मी गेले, एकटीच. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तांबी राहू द्या, आणि पुन्हा कधीच मूल होणार नाही अशी शस्त्रक्रिया कधी करता ते सांगा. त्यांनी कागदावर माझी सही घेतली, दुसऱ्या कुणाची मागितली नाही. मग शाळेतून दोघी पोरींना घेतलं आणि इथे लाँड्रीच्या वरच्या खोलीत आले. मालकीणबाईंनी किल्ली दिली. खोलीला साबणाचा आणि ओल्या कपड्यांचा वास आहे. तू नाक मुरडशील. मला चालतो.

ताई

---

७ मे

माझे ताई,

पत्र दहा वेळा वाचलं. भात वाढलास तिथे दर वेळी मी थांबते.

माझ्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात, त्यांतल्या एकेकाच्या पाया पडायला हवं. तुझ्या सासरचे मला हुशार म्हणाले, यापेक्षा घाण शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही. भाऊजींना सांग, धाकटी बहीण जंतांत बुडालीय, वासही येतो.

इकडचं सांगते. मी सगळ्या पिशव्या मोजणीत परत धरल्या आणि नवा आलेख सरांच्या टेबलावर ठेवला. रोगी आयांची रेघ धाडकन खाली येते. सरांनी तो डब्याखाली सरकवला, त्यावर तेलाचा डाग पडला. परिषदेत जुनाच आलेख गेला, त्यावरून माझं नाव तेवढं गेलं. मीसुद्धा बाद. आता नवा आलेख मी माझ्या नावाने त्याच परिषदेकडे पाठवलाय. छापतील न छापतील. नोकरी राहील असं वाटत नाही.

पुढच्या रविवारी येते. खोलीत चौथं अंथरूण मावेल ना?

नकटी

---

११ मे

नकटे,

मावेल. पण येण्याआधी हे लिहायलाच हवं, तोंडी सांगता येणार नाही.

आज दुपारी सासूबाई आल्या. हे नाहीत आले, सासरे नाहीत. पोरींचे शाळेचे कपडे तिकडे राहिले होते, ते घेऊन आल्या. घडी घातलेले, मीसुद्धा इतकी छान घालत नाही. मला वाटलं न्यायला आल्या. बाकावर बसल्या आणि धुवायला पडलेल्या चादरींच्या ढिगाकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "ती गेली तेव्हा गादीवरची चादर मीच धुतली. गार पाण्यात. डाग गेला, वास जाईना. तीच चादर मला आणलं त्या रात्री अंथरली होती."

मी म्हटलं, "आणि एवढं सगळं ठाऊक असून तुम्ही मला रोज..."

"मला तरी कुणी विचारलं होतं?"

मी पाणी दिलं. कीव आली असं लिहिलं तर खोटं होईल. किळसच आली, पण ती नक्की कुणाची करायची तेच कळेना. त्या पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं, पोरींबद्दल एक शब्द विचारला नाही. दारापर्यंत जाऊन वळल्या.

"बहिणीला लिहितेस ना? ती मोजते म्हणे, टाकून दिलेल्यांना. आमच्या ताईलाही धर म्हणावं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

ताई